एक प्रवासी, एक भाडे : कॅनडातील विमान-आसनांच्या निर्णयाचा प्रकरण अभ्यास

विमानाचे तिकीट काढणारा माणूस नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न सर्वसाधारण बांध्याच्या प्रवाशाला कधी पडत नाही, कारण एक माणूस, एक तिकीट आणि एक आसन ही तीन एकके त्याच्या बाबतीत आपोआप जुळून येतात. ज्याचे शरीर आसनाच्या दोन आर्मरेस्टमध्ये मावत नाही, त्याच्या बाबतीत मात्र हा मेळ तुटतो आणि मग कंपनीला, नियामकाला आणि प्रसंगी न्यायालयाला ठरवावे लागते की भाडे हे एका माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावी नेण्याचे आहे, की साधारण सतरा-अठरा इंच रुंदीच्या जागेचे. जगातील बहुतेक विमान कंपन्यांनी दुसरे उत्तर गृहीत धरले आहे. कॅनडाने मात्र देशांतर्गत प्रवासापुरते आणि काही अटींवर पहिले उत्तर कायद्याच्या बळावर मान्य केले. ‘कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सी’ या नियामक न्यायाधिकरणाने १० जानेवारी २००८ रोजी दिलेला हा निर्णय ‘एक प्रवासी, एक भाडे’ या नावाने ओळखला जातो. तो निर्णय कसा घडला, त्याने नेमके काय दिले आणि काय देण्याचे टाळले, हे या लेखात तपासले आहे.

त्याआधी जागेचा हिशेब पाहणे आवश्यक आहे, कारण वादाचे मूळ तिथे आहे. बोइंग ७३७ या विमानाच्या धडाची रुंदी कंपनीने आपल्या जुन्या ७०७ वरून घेतली, म्हणजे ती १९५० च्या दशकात ठरलेली आहे. त्या रुंदीत एका ओळीत सहा आसने आणि मधला रस्ता बसवायचा म्हटले की प्रत्येक आसनाच्या वाट्याला साधारण १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर जागा येते. एअरबस ए-३२० चे धड थोडे रुंद असल्यामुळे तिथे साधारण १८ इंच मिळतात. २००८ मध्ये कॅनडातील दोन प्रमुख कंपन्यांपैकी वेस्टजेटकडे ७३७ विमाने होती, तर एअर कॅनडाच्या देशांतर्गत सेवेत ए-३२० कुटुंबातील विमानांचा मोठा वाटा होता. त्यामुळे एकच प्रवासी कोणत्या कंपनीचे तिकीट काढतो, यावर त्याला मिळणारी जागा सुमारे इंचभराने बदलत असे. स्थूल प्रवाशाच्या दृष्टीने हा एक इंच अत्यंत महत्त्वाचा असतो, पण तिकिटावर तो कुठेही छापलेला नसतो. अडचण मुख्यतः रुंदीची आहे, वजनाची नाही, हेही इथेच लक्षात ठेवले पाहिजे. सार्वजनिक चर्चेत या दोन गोष्टींची सतत गल्लत होते आणि त्या गल्लतीतून स्थूल माणसाने ‘जास्त इंधन जाळले म्हणून जास्त पैसे द्यावेत’ असा युक्तिवाद उगवतो. प्रस्तुत प्रकरणात तो मुद्दा निर्णायक नव्हता.

पूर्वपीठिका

कॅनडाच्या परिवहन कायद्यात दिव्यांग व्यक्तींच्या प्रवासातील ‘अवाजवी अडथळे’ दूर करण्याचा अधिकार एजन्सीला दिलेला आहे. त्यामुळे तक्रारदाराला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आपण कायद्याच्या अर्थाने दिव्यांग आहोत हे आधी दाखवायचे आणि आपल्या वाटेतला अडथळा अवाजवी आहे हे नंतर. स्थूल प्रवाशांची पहिलीच पायरी निसरडी होती. कॅल्गरीतील एका महिलेने १९९७ मधील एका विमानप्रवासात अपुऱ्या आसनामुळे झालेल्या त्रासाबद्दल एअर कॅनडाविरुद्ध तक्रार केली, तेव्हा स्थूलता हे मुळात अपंगत्व आहे का, याच प्रश्नावर सगळी सुनावणी अडली. एजन्सीने २००१ मध्ये म्हटले की स्थूलता हे आपोआप अपंगत्व ठरत नाही, मात्र एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत ते तसे असू शकते, त्यामुळे प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासावे लागेल. मग २००२ मध्ये त्या महिलेचे प्रकरण तपासून एजन्सीने ती दिव्यांग नसल्याचा निष्कर्ष काढला. फेडरल अपील न्यायालयाने २००६ मध्ये हा निष्कर्ष फिरवला आणि विमानप्रवासाच्या संदर्भात ती व्यक्ती कायद्याच्या अर्थाने दिव्यांग आहे, असे ठरवले.

तक्रारीपासून या टप्प्यापर्यंत पोहोचायला आठ-नऊ वर्षे लागली आणि एवढ्या काळात आसन किती रुंद असावे किंवा दुसऱ्या आसनाचे पैसे कोणी द्यावेत, या मूळ प्रश्नाला कोणी हातही लावला नव्हता. तरीही २००६ चा निकाल पुढच्या प्रकरणासाठी निर्णायक ठरला, कारण अपंगत्व हे केवळ शरीरात असते असे न मानता शरीर आणि परिस्थिती यांच्या गाठीत ते घडते, ही दृष्टी त्यातून मान्य झाली. घरी, कार्यालयात आणि रस्त्यावर जिला कोणतीही अडचण येत नाही, अशी व्यक्तीसुद्धा सतरा इंचांच्या आसनापाशी आल्यावर प्रवासापुरती दिव्यांग ठरू शकते.

दोन वेगळ्या गरजा, एकच अर्ज

‘एक प्रवासी, एक भाडे’ हे प्रकरण मात्र स्थूल प्रवाशांनी सुरू केलेले नव्हते, आणि माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. २००२ मध्ये ‘कौन्सिल ऑफ कॅनेडियन्स विथ डिसॅबिलिटीज’ ही दिव्यांगांची राष्ट्रीय संघटना आणि दोन व्यक्ती यांनी एजन्सीकडे धाव घेतली. प्रतिवादी होते एअर कॅनडा, तिची प्रादेशिक सेवा जॅझ, वेस्टजेट आणि न्यूफाउंडलंडमधील गँडर विमानतळाचे व्यवस्थापन. विमानतळाचा संबंध असा की, दिव्यांग व्यक्तीला गरजेपोटी जे दुसरे आसन घ्यावे लागते, त्यावरही तिथे प्रवासी शुल्क आकारले जात होते. दोन वैयक्तिक अर्जदारांपैकी एकाचा कार्यवाही चालू असतानाच मृत्यू झाला आणि त्याच्या वारसांच्या वतीने अर्ज पुढे चालवला गेला.

या अर्जाचा गाभा होता मदतनिसाचा प्रश्न. ज्या व्यक्तीला उड्डाणाच्या काळात स्वतःहून जेवता येत नाही, स्वच्छतागृहात जाता येत नाही किंवा आणीबाणीत विमानातून बाहेर पडता येत नाही, तिने सोबत मदतनीस आणलाच पाहिजे, अशी अट खुद्द विमान कंपन्यांच्या नियमावलीत होती. म्हणजे सोबत माणूस आणा, असे कंपनीच सांगणार आणि त्या माणसाचे भाडेही कंपनीच घेणार. इतकी उघड विसंगती समोर असल्यावर अर्जदारांची बाजू आपोआप भक्कम झाली. स्थूलतेमुळे दिव्यांग ठरणाऱ्या प्रवाशाची गरज याच अर्जात बसवली गेली, कारण तर्क तोच होता. मदतनिसासाठी असो वा स्वतःच्या शरीरासाठी, दुसरे आसन ही सोय नसून प्रवास करता येण्याची पूर्वअट आहे, आणि त्या पूर्वअटीचे वेगळे पैसे घेणे म्हणजे दिव्यांग माणसाकडून त्याच प्रवासासाठी दुप्पट भाडे घेणे होय. स्थूल प्रवाशांचा प्रश्न एकट्याने उभा राहिला असता तर ‘कमी खा’ या शेऱ्याच्या पलीकडे सार्वजनिक सहानुभूती मिळणे कठीण होते. मदतनिसाच्या प्रश्नाच्या आधाराने तो पुढे सरकला. त्याची किंमतही पुढे मोजावी लागली, पण त्याकडे नंतर येऊ.

दरम्यान रेल्वेच्या एका खटल्याने कायद्याची जमीन तयार करून ठेवली. व्हिया रेल या सरकारी रेल्वे कंपनीने युरोपातून १३९ वापरात न आलेले डबे सुमारे २.९८ कोटी डॉलरना विकत घेतले होते. त्या डब्यांत प्रवाशाला स्वतःची व्हीलचेअर घेऊन वावरता येत नव्हते. एजन्सीने डब्यांत बदल करण्याचा आदेश दिला, कंपनीने त्याला आव्हान दिले आणि अखेर मार्च २००७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने एजन्सीची बाजू उचलून धरली. सेवा पुरवणाऱ्याने दिव्यांग व्यक्तीसाठी बदल करण्याची जबाबदारी त्याच्यावर अवाजवी बोजा पडेपर्यंत टिकते आणि बोजा अवाजवी आहे हे त्याने पुराव्यानिशी दाखवावे लागते, हे तत्त्व त्यामुळे परिवहन क्षेत्रात पक्के झाले. त्यानंतर दहाच महिन्यांत विमान कंपन्यांचा निर्णय आला.

सत्त्याहत्तर सेंट

अवाजवी बोजाचे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर वाद भावनेचा न राहता हिशेबाचा होतो, आणि कंपन्यांची बाजू इथेच लंगडी पडली. विमान वाहतुकीत नफ्याचे प्रमाण तुटपुंजे असते, दुसरे आसन फुकट मिळते म्हटल्यावर मागणी फुगेल, लोक नातेवाइकांना मदतनीस म्हणून फुकट फिरवतील आणि खरा गरजू कोण हे ओळखणे अशक्य होईल, असे त्यांचे आक्षेप होते. यातला कोणताही आक्षेप हास्यास्पद नाही. भरलेल्या विमानात दुसरे आसन देणे म्हणजे विकता आले असते असे एक तिकीट गमावणे, हे खरेच आहे.

एजन्सीने तज्ज्ञांच्या साक्षी तपासून खर्चाचा अंदाज बांधला. एअर कॅनडाला वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर आणि वेस्टजेटला सुमारे १५ लाख डॉलर इतका भार पडेल, असा तो अंदाज होता. आकडा असा सुटा पाहिला तर मोठा वाटतो. पण एअर कॅनडाच्या प्रवासी वाहतुकीतील ८२० कोटी डॉलरच्या वार्षिक उत्पन्नाशी त्याची तुलना केली की तो ०.०९ टक्के भरतो, आणि तिकिटांवर वाटला तर एअर कॅनडाच्या प्रत्येक तिकिटामागे सुमारे ७७ सेंट आणि वेस्टजेटच्या तिकिटामागे सुमारे ४४ सेंट येतात. या रकमेने कंपनी कोलमडते, असे सिद्ध करणे कंपन्यांच्या वकिलांना शक्य झाले नाही. त्यातच एजन्सीने हेही नोंदवले की बस, रेल्वे आणि जलवाहतुकीत असे धोरण कॅनडात आधीपासूनच चालत आलेले आहे. ज्या देशात बसचालक मदतनिसाला फुकट बसवतो, त्या देशात विमान कंपनीला ते परवडत नाही, हा दावा टिकणे अवघडच होते.

निर्णयाचा आशय असा : गंभीर अपंगत्व असलेल्या ज्या व्यक्तीला कंपनीच्या नियमानुसार उड्डाणात मदतनीस लागतो, किंवा जिला स्वतःसाठीच अधिक आसन लागते, तिच्याकडून कॅनडातील देशांतर्गत प्रवासासाठी एकापेक्षा जास्त भाडे घेता येणार नाही. स्थूलतेमुळे कार्यात्मक अपंगत्व आलेल्या व्यक्तीही यात येतात. अंमलबजावणीसाठी एक वर्षाची मुदत दिली गेली. त्याच निर्णयात तीन गट स्पष्टपणे बाहेरही ठेवले गेले. केवळ आवडीने कोणाला सोबत नेणारे प्रवासी, ज्यांना मदतनीस मुक्कामी पोहोचल्यावर लागतो पण उड्डाणात लागत नाही असे प्रवासी, आणि जे स्थूल आहेत पण त्या स्थूलतेमुळे दिव्यांग ठरत नाहीत असे प्रवासी.

तिसरा गट वाचताना सजग वाचकाने थांबावे. प्रवाशाला आसनात बसता येत नाही, ही गोष्ट विमानात शिरणाऱ्या कोणालाही दिसते. तो दिव्यांग आहे की नाही, हे मात्र कुणीतरी ठरवावे लागते. मग ठरवायचे कोणी आणि कसे? एजन्सीने याबाबत अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीच्या अनुभवाकडे बोट दाखवले. तिथे आसनाचे दोन्ही आर्मरेस्ट खाली घेता येतात की नाही, एवढीच कसोटी होती. ही कसोटी निर्दोष नाही, पण तिचा मोठा गुण असा की ती माणसाच्या वैद्यकीय इतिहासाऐवजी थेट आसन आणि शरीर यांचा संबंध तपासते.

अंमलबजावणी

एअर कॅनडा, जॅझ आणि वेस्टजेट यांनी निर्णयाला आव्हान देण्याचा प्रयत्न केला. फेडरल अपील न्यायालयाने मे २००८ मध्ये अपिलाची परवानगी नाकारली आणि २० नोव्हेंबर २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ती नाकारली. अशा नकाराची कारणे हे न्यायालय सहसा देत नाही, त्यामुळे स्थूलता, अपंगत्व आणि भाडे यांच्या संबंधावर देशाच्या सर्वोच्च पीठाचे भाष्य आपल्याला वाचायला मिळत नाही. जानेवारी २००९ पासून धोरण लागू झाले.

लागू झाल्यावर ते कसे दिसले, यात या प्रकरणाचा खरा धडा आहे. आर्मरेस्टची कसोटी प्रवेशद्वारापाशी किंवा विमानात करायची तर प्रवाशाची शोभा होते आणि आयत्या वेळी विमान भरलेले असेल तर दुसरे आसन द्यायचे कुठून, ही अडचण उरते. त्यामुळे आगाऊ अर्ज आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र यांची वाट रूढ झाली. प्रवाशाने आपल्या डॉक्टरांकडे जायचे, डॉक्टरांनी त्याची उंची, वजन आणि बसल्यावर व्यापणारी रुंदी नोंदवायची, आणि त्या कागदावरून कंपनीच्या वैद्यकीय विभागाने दुसरे आसन द्यायचे की नाही हे ठरवायचे. यात डॉक्टर कोणत्याही आजाराचे निदान करत नाही. तो शिंप्याचे काम करतो, आणि तेही ज्या आसनासाठी माप घ्यायचे ते त्याच्या दवाखान्यात नसताना.

कागदपत्रांची ही वाट क्षुल्लक वाटेल, पण ज्याला तिच्यावरून जावे लागते त्याच्या दृष्टीने ती धोरणाइतकीच महत्त्वाची आहे. सडपातळ माणूस रात्री अकरा वाजता सकाळच्या विमानाचे तिकीट काढू शकतो. घरी कोणी आजारी पडले आहे, अंत्यविधीला पोहोचायचे आहे, अशा वेळी हाच त्याचा मोठा आधार असतो. प्रमाणपत्राची गरज असलेल्या प्रवाशाला ही मोकळीक नाही. त्याचे भाडे एक झाले, पण वेळ दुप्पट लागतो, आणि आपले शरीर मोजून घेऊन त्याचा दाखला परक्या कार्यालयाला द्यावा लागतो. अनेक जण एवढ्या कटकटीपेक्षा गपचूप दोन तिकिटे काढतात किंवा विमानाने जातच नाहीत, आणि असे लोक कोणत्याही आकडेवारीत येत नाहीत.

एजन्सीला ही उणीव दिसली असावी, कारण २५ जून २०२० पासून लागू झालेल्या दिव्यांगांच्या सुगम प्रवासाच्या नियमांत तिच्यावर काही उतारा सापडतो. या नियमांनी ‘एक प्रवासी, एक भाडे’ हे तत्त्व तीन प्रतिवादी विमान कंपन्यांपुरते न ठेवता देशांतर्गत प्रवासासाठी सर्व मोठ्या कंपन्यांना लागू केले. मोठी कंपनी म्हणजे मागील दोन वर्षांपैकी प्रत्येक वर्षी किमान दहा लाख प्रवासी नेणारी. सेवेसाठी साधारणपणे ४८ तास आधी आणि कागदपत्रे तपासायची असल्यास ९६ तास आधी सूचना मागण्याची मुभा कंपनीला मिळाली, पण एकदा दिलेली कागदपत्रे निदान तीन वर्षे जपून ठेवण्याची तयारी तिने प्रवाशाला दाखवली पाहिजे, म्हणजे प्रत्येक प्रवासाआधी नव्याने मोजून घेण्याची वेळ येणार नाही. हे एवढेसे शहाणपण नियमात यायला २००९ ते २०२० अशी अकरा वर्षे लागली, याचे आश्चर्य वाटते.

सीमेवर थांबणारे तत्त्व

२००८ च्या निर्णयाची सर्वांत मोठी मर्यादा भूगोलाची आहे. व्हँकुव्हरहून टोरोंटोला जाताना जी व्यक्ती दिव्यांग ठरते आणि एका भाड्यात दोन आसने मिळवते, तीच व्यक्ती टोरोंटोहून लंडनला किंवा भारतात जायला निघाली की त्या हक्काबाहेर पडते, जरी उड्डाण कितीतरी लांब असले आणि शरीर तेच असले तरी. २०२० च्या नियमांनीही आंतरराष्ट्रीय उड्डाणांना हे तत्त्व लावले नाही. तो विषय पुढच्या टप्प्यातील सल्लामसलतीसाठी ठेवला गेला. टोरोंटो आणि मिसिसॉगा परिसरातील मराठी कुटुंबांना हा फरक विशेष जाणवण्याजोगा आहे, कारण त्यांच्या मोठ्या प्रवासाची दिशा देशाबाहेर, चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणाची असते आणि वृद्ध आईवडिलांसोबत मदतनीस म्हणून येणाऱ्याचे पूर्ण भाडे त्यांना द्यावेच लागते.

याच काळात लांब पल्ल्याच्या विमानांत काय घडत होते, तेही पाहावे. एअर कॅनडाने २०१३ पासून आपल्या काही बोइंग ७७७-३०० ईआर विमानांत एका ओळीत नऊऐवजी दहा आसने बसवली. आधीच्या रचनेत ३४९ आसने असलेल्या या प्रकारच्या विमानात आता ४५८ आसने मावू लागली. ही सगळी वाढ ओळीतल्या जादा आसनातून आलेली नाही, प्रीमियम वर्गाची जागा कमी करणे हाही त्यातला मोठा भाग होता. पण इकॉनॉमीतील प्रत्येक आसनाची रुंदी दीड इंचाच्या आसपास घटून १७ इंचांवर आली. जगातील इतर अनेक कंपन्यांनी ७७७ मध्ये हेच केले, त्यामुळे एकट्या एअर कॅनडाला दोष देण्यात अर्थ नाही. मुद्दा एवढाच की आसन अरुंद झाले की, कालपर्यंत एका आसनात बसू शकणारा प्रवासी आज त्यात बसू शकत नाही. त्याचे वजन एका ग्रॅमनेही वाढलेले नसते. निर्णयाने अपंगत्व कोणाला आले आहे हे विचारले, पण ते आणणाऱ्या आसनाची रुंदी किती असावी याबद्दल एक शब्दही उच्चारला नाही. मदतनिसाच्या प्रश्नाचा आधार घेतल्याची किंमत ती हीच. सवलत व्यक्तीगणिक मिळाली, रचना जशीच्या तशी राहिली.

या जागी शेजारच्या प्रवाशाचा विचारही व्हायला हवा, कारण तक्रार बहुधा तोच करतो. त्यानेही पूर्ण आसनाचे पैसे दिलेले असतात आणि त्यातला काही भाग त्याला मिळत नाही. स्थूल प्रवासी आणि त्याचा शेजारी यांच्यातला हा झगडा म्हणून रंगवला जातो, पण दोघांनाही अपुरी जागा विकणारा तिसरा पक्ष त्या झगड्यात दिसतच नाही. कॅनडाच्या निर्णयात शेजाऱ्याचा स्वतंत्र हक्क मांडलेला नाही. तरी मधले आसन रिकामे राहिले की त्याचाही प्रश्न सुटतो, आणि या बाबतीत ते धोरण ‘स्वस्त’ म्हणावे इतके परिणामकारक आहे.

इतरांनी काढलेल्या वाटा

कॅनडाचे वेगळेपण इतर धोरणांशेजारी ठेवल्यावर अधिक ठळक दिसते. अमेरिकेत दिव्यांग विमानप्रवाशांविषयीचे संघीय नियम विस्तृत आहेत, पण एका तिकिटावर एकापेक्षा अधिक आसने देण्याचे बंधन कंपनीवर नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे तिथे जे काही मिळते ते कंपनीच्या मर्जीने. साउथवेस्टने दीर्घकाळ उदार धोरण ठेवले होते. प्रवाशाने दोन आसने घ्यावीत आणि प्रवासानंतर दुसऱ्याचे पैसे परत मागावेत, किंवा विमानतळावरच विनामूल्य दुसरे आसन मागावे. फेब्रुवारी २०१० मध्ये चित्रपट दिग्दर्शक केविन स्मिथ यांना याच कंपनीच्या विमानातून कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे उतरवले गेले, तेव्हा समाजमाध्यमांवर मोठे वादळ उठले आणि धोरण उदार असले तरी त्याचा अंमल कर्मचाऱ्याच्या त्या क्षणीच्या निर्णयावर किती अवलंबून असतो, हे उघड झाले. पुढे कंपनीने, आसन आधी न ठरवता प्रवाशाने हवे तिथे बसण्याची आपली पद्धतच सोडली आणि २७ जानेवारी २०२६ पासून निश्चित आसने देण्यास सुरुवात केली. त्याबरोबर दुसरे आसन आगाऊ विकत घेणे आवश्यक झाले आणि पैसे परत मिळणे उड्डाणात किमान एक आसन रिकामे राहण्यावर, तसेच इतर काही अटींवर अवलंबून ठेवले गेले. ज्या कंपनीच्या अनुभवाचा दाखला एजन्सीने २००८ मध्ये दिला, तिनेच माघार घेतली, तर कॅनडातील प्रवाशाचा हक्क शाबूत राहिला, कारण तो मर्जीवर नव्हे, तर आधी आदेशावर आणि नंतर नियमावर उभा होता.

दुसऱ्या टोकाला सामोआ एअर. या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये प्रवासी आणि त्याचे सामान यांच्या एकत्रित वजनानुसार, किलोमागे भाडे घ्यायला सुरुवात केली आणि जगभर बातमी झाली. तिची विमाने इतकी लहान होती की प्रत्येक किलोचा उड्डाणाच्या भाराशी थेट संबंध होता, त्यामुळे तिथे वजनाचा हिशेब निदान तर्काला धरून होता. दीडशे-दोनशे आसनांच्या विमानाला तोच न्याय लावणे मात्र गैर आहे, कारण तिथे कंपनी वजन विकत नाही, आसने विकते.

भारतात जादा आसन विकत घेण्याची सोय काही कंपन्या देतात आणि पट्टा अपुरा पडल्यास सीट बेल्ट एक्स्टेंडर मागता येतो. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात जी २१ अपंगत्वे दिली आहेत, त्यांत स्थूलतेचे नाव नाही, आणि शरीर व परिस्थिती यांच्या गाठीत घडणारे अपंगत्व ही २००६ ची कॅनेडियन दृष्टी अशा यादीत सहजी बसत नाही. मुंबई–दिल्ली मार्गावर दुसऱ्या आसनाचे भाडे का द्यावे, असा प्रश्न एखाद्या प्रवाशाने उद्या विचारला, तर त्याला आधी कॅल्गरीच्या तक्रारदाराची पहिली पायरी चढावी लागेल.

कॅनडात आज या वादाची आघाडी आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर आहे. कंपन्यांचा आक्षेप असा की परदेशी प्रतिस्पर्ध्यांवर असे बंधन नसताना ते आपल्यावर लादल्यास स्पर्धेत तोटा होईल. दिव्यांग संघटनांचे उत्तर असे की कॅनडात येणाऱ्या आणि कॅनडातून जाणाऱ्या सर्वच कंपन्यांना तो नियम लावावा. एजन्सीने २००८ मध्ये ज्या पद्धतीने तिकिटामागचा खर्च काढला, तीच पद्धत इथे वापरता येईल, मात्र यावेळी भाडे मोठे आणि एका आसनामागे बुडणारे उत्पन्नही जास्त असेल. अवाजवी बोजा सिद्ध करण्याची जबाबदारी तेव्हाही कंपन्यांवरच राहील.